मॅकरोनी कोणाच्या हातची?

श्रोतेहो, लग्नाची पंगत जेवून माणूस घरी परतला की घरची मंडळी त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतात? नवरी कशी आहे, हा नव्हे. जेवण कसे होते, हा! जेवण चांगले होते असे त्याने म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येतो: आचारी कोण होता? हा दुसरा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. बुंदी गोड झाली याचे श्रेय यजमानाला मिळते, पण झाऱ्यातून ती पाडणारा हात कोणाचा, हे गावाला ठाऊक असावे लागते.

आज हाच प्रश्न मी एका परमुलखातल्या पदार्थाबद्दल विचारणार आहे. पदार्थाचे नाव मॅकरोनी आणि चीज. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हा इतका आवडीचा, की कोणत्या उपाहारगृहात तो सर्वांत चांगला मिळतो याच्या याद्या तिथली वर्तमानपत्रे छापतात, आणि त्या याद्यांवरून लोक हुज्जत घालतात. आपणही आज त्या शोधाला निघू. बैलगाडी नको, आगबोट नको, मनाने जाऊ.

आधी पदार्थ काय आहे ते सांगतो. आपल्या आयाबाया उन्हाळ्यात पाटावर शेवया वळतात आणि खाटेवर धडपा पसरून वाळवतात. मॅकरोनी ही त्याच जातकुळीची. आपण ज्याला बन्सी म्हणतो तसल्या कठीण, पिवळसर गव्हाचा रवा घ्यायचा, घट्ट भिजवायचा आणि साच्यातून दाबून काढायचा. सोऱ्यातून चकली पडते ना, तसेच. फरक एवढाच की साच्याच्या भोकात मधोमध एक खिळा असतो, म्हणून बाहेर येते ती पोकळ नळी. ती कापायची आणि वाळवायची. चीज म्हणजे मुद्दाम साकळवलेल्या दुधाचा गोळा. त्यातले पाणी निथळायचे, मीठ घालायचे, दाबून ठेवायचे आणि लोणचे मुरवतो तसे महिनोन्‌महिने मुरू द्यायचे. मग लोण्यात मैदा परतून त्यात दूध आणि किसलेले चीज घालायचे, त्या दाट रसात उकडलेली मॅकरोनी सोडायची आणि वरून चीज भुरभुरून भट्टीत तांबूस भाजायची. झाली मॅकरोनी-चीज! साधा, गरम, पोट भरणारा पदार्थ. आपल्याकडच्या खिचडीसारखा घरगुती.

चला तर, पहिले दार ठोठावू. ते आहे फिलाडेल्फिया शहरात. १९०२ साली तिथल्या चेस्टनट स्ट्रीटवर जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट या दोन भागीदारांनी एक नवलाचे उपाहारगृह उघडले. त्याचे नाव ऑटोमॅट. यंत्राची कल्पना जर्मनीची. आत शिरले की वाढपी कुठेच दिसायचा नाही. भिंतीत काचेची लहान लहान दारे, टपालकचेरीतल्या पेट्यांसारखी ओळीने लावलेली. प्रत्येक दाराआड एक ताटली. खाचेत नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, दार उघडायचे आणि ताटली उचलायची. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये असेच उपाहारगृह निघाले, आणि मग शहरभर त्यांच्या शाखा झाल्या.

या ऑटोमॅटची मॅकरोनी-चीज नामांकित होती. शाखा कोणतीही असो, चव एकच. कारण सगळे अन्न एका मध्यवर्ती पाकशाळेत शिजायचे आणि तिथून शाखांना जायचे. कंपनीचे अधिकारी रोज एका टेबलाभोवती बसून नमुने चाखून पाहात. कॉफीचा पेला १९५० पर्यंत पाच सेंटांनाच मिळे. पाच सेंटांच्या नाण्याला तिकडे निकेल म्हणतात. मोड द्यायला काचेच्या खिडकीत बायका बसत आणि बोटांच्या नुसत्या अंदाजाने बरोबर वीस निकेल पुढे सारीत. १९२९ नंतर मोठी मंदी आली, लाखो लोकांचे काम गेले, तेव्हा खिशात चार निकेल असलेला माणूसही इथे मानाने जेवत असे. एकाच टेबलाशी कारकून, गवंडी, नाटकवाली आणि पेढीवाला बसे. कोण कोणाशेजारी बसावे हे तिथे कोणी ठरवीत नसे.

श्रोतेहो, हे मला आवडते. पण आपला प्रश्न उरतोच: आचारी कोण? काचेच्या दारामागे हात होतेच. रिकाम्या खणात पटकन नवी ताटली ठेवणारे, भट्टीपाशी घाम गाळणारे. भिंत बांधलीच होती ती ते हात दिसू नयेत म्हणून. गिऱ्हाइकाला वाटावे की यंत्रच जेवू घालते! १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधले शेवटचे ऑटोमॅट बंद झाले. भिंती गेल्या, त्यांच्यामागच्या माणसांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

आता दुसरे दार. ते उघडायला आपल्याला मागे जावे लागेल, अठराव्या शतकात. अमेरिकेत कोणालाही विचारा की ही मॅकरोनी-चीज तुमच्या देशात आणली कोणी. पुष्कळ जण सांगतील, थॉमस जेफरसनने. हा जेफरसन म्हणजे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, पुढे त्या देशाचा तिसरा अध्यक्ष झालेला थोर पुरुष. सगळी माणसे जन्मतः समान आहेत, हे त्या जाहीरनाम्यात त्यानेच लिहिले.

दंतकथा गोड आहे, पण पुरती खरी नाही. १३९० च्या सुमारास इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातून एक पाकपुस्तक तयार झाले. पिठाची पातळ पोळी लाटून, कापून, उकडून तिला खाली-वर चीज आणि लोणी लावण्याची रीत त्यात दिलेली आहे. एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईने १७६९ मध्ये छापलेल्या पुस्तकात तर मॅकरोनी, साय, लोणी आणि वरून भाजलेले पार्मेजान चीज असा आजच्याला अगदी जवळचा पदार्थ सांगितला आहे. तेव्हा शोध जेफरसनचा नव्हे. मात्र त्याला मॅकरोनीचे वेड होते, हे खरे. मॅकरोनीचा साचा कसा असतो याचे त्याने हाताने काढलेले चित्र आजही जपून ठेवले आहे. १७८९ मध्ये त्याने आपल्या चिटणिसाकरवी इटलीतल्या नेपल्स शहरातून तसला एक साचा विकतही आणवला.

पण श्रोतेहो, जेफरसन स्वतः काही चुलीपुढे बसला नव्हता. चुलीपुढे होता जेम्स हेमिंग्ज.

हे नाव लक्षात ठेवा. जेम्सचा जन्म १७६५ चा. तो गुलाम होता. गुलाम म्हणजे पगारी नोकर नव्हे. बैलबारदाना जसा वहीत मांडतात, तशी माणसे मांडली जात. जेफरसनच्या बायकोला माहेरच्या वारशात जमीन मिळाली तशीच माणसेही मिळाली, आणि त्यांत जेम्स, त्याची आई आणि भावंडे होती. त्याहून कठीण गोष्ट ही, की जेम्सचा बाप तोच होता जो जेफरसनच्या बायकोचा बाप. म्हणजे मालकीण ही त्याची सावत्र बहीण! समानतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीची, त्याच्या उभ्या आयुष्यात मिळून, सहाशेवर माणसे होती.

१७८४ मध्ये जेफरसन वकील म्हणून फ्रान्सला गेला. बरोबर त्याने एकोणीस वर्षांच्या जेम्सला नेले. कशाला? फ्रेंच स्वयंपाक शिकवायला. जेम्स पॅरिसमध्ये खानावळवाल्याकडे शिकला, मिठाया करणाऱ्या बाईकडे शिकला, एका राजकुलातल्या सरदाराच्या मुदपाकखान्यातही शिकला. १७८७ मध्ये तो जेफरसनच्या पॅरिसच्या वाड्यातला मुख्य आचारी झाला. तिथे त्याला महिन्याला पगार मिळे. त्या पगारातून त्याने काय केले, सांगू? फ्रेंच व्याकरण शिकायला मास्तर ठेवला! गुरुजनहो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. ज्याच्या नावावर स्वतःचे शरीरही नाही, असा बावीस वर्षांचा तरुण पहिल्या कमाईतून मास्तर लावतो.

फ्रान्सच्या भूमीवर गुलामाला न्यायालयात जाऊन सुटका मागता येत असे. जेम्स गेला नाही. १७८९ मध्ये तो जेफरसनबरोबर अमेरिकेला परतला. आई आणि भावंडे तिकडे व्हर्जिनिया प्रांतात मॉन्टिसेलोच्या मळ्यावर होती. पुढे तो न्यूयॉर्कमध्ये आणि मग फिलाडेल्फियात जेफरसनचा आचारी राहिला. होय, तेच फिलाडेल्फिया, जिथे आपण मघाशी ऑटोमॅटचे दार ठोठावले.

याच फिलाडेल्फियात सप्टेंबर १७९३ मध्ये एक करार लिहिला गेला. जेफरसनने त्यात म्हटले की जेम्सला स्वयंपाक शिकवायला मला फार खर्च आला आहे. त्याने मॉन्टिसेलोला येऊन मी नेमीन त्या माणसाला चांगला आचारी बनवावे, मग मी त्याला मुक्त करीन. पाहा मंडळी! सुटकेची किंमत पैशात ठरली नाही, विद्येत ठरली. आणि जेम्सने कोणाला शिकवले? आपला धाकटा भाऊ पीटर याला. दादा सुटला आणि चूल भावाच्या गळ्यात आली. ५ फेब्रुवारी १७९६ रोजी जेम्स मोकळा झाला. जाताना त्याने पाकशाळेतल्या भांड्याकुंड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. ती यादी आजही आहे. अक्षर स्वच्छ, एकेका भांड्याची मोजदाद केलेली. तांब्याची भांडी, झारे, साचे. असे कागद गुलामगिरीतून फार थोडे वाचले आहेत.

१८०१ मध्ये जेफरसन अध्यक्ष झाला. अध्यक्षाच्या घरी आचारी हवा म्हणून त्याने मध्यस्थांकडून जेम्सला निरोप धाडला. जेम्स तेव्हा बाल्टिमोर शहरात स्वयंपाकी होता. त्याने उलट निरोप दिला: साहेबांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात, काम काय, पगार काय, ते कळवावे. मोकळ्या माणसाची ही साधी मागणी. दुसऱ्या कोणा आचाऱ्याने मागितले असते तर त्यात वावगे काय होते? पण त्या चार ओळी आल्या नाहीत. अध्यक्षाच्या घरी फ्रेंच आचारी नेमला गेला. उन्हाळ्याअखेरीस जेम्स थोडे दिवस मॉन्टिसेलोला पगारावर येऊन काम करून गेला, आणि त्याच साली बाल्टिमोरमध्ये त्याने आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला. वय अवघे छत्तीस.

यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८०२ मध्ये, मनासे कटलर नावाचे एक प्रतिनिधी अध्यक्षाच्या घरी जेवायला गेले. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले की पानात मॅकरोनी नावाचा पदार्थ होता. त्यांना तो कांद्यासारखा वाटला, तिखट लागला आणि मुळीच आवडला नाही! शेजारच्याने समजावले की हा इटलीचा पदार्थ आहे, त्यात कांदा नाही. ही रोजनिशी इतिहासकार पुन्हा पुन्हा सांगतात, आणि म्हणून मॅकरोनीशी नाव जोडले गेले ते यजमानाचे. पंगतीचे यजमान लक्षात राहिले. आचारी कोण, हे विचारायचे राहून गेले.

पुढे १८२४ मध्ये मेरी रँडॉल्फ बाईंनी व्हर्जिनियातल्या गृहिणींसाठी पाकपुस्तक छापले. त्यात मॅकरोनी, चीज आणि लोणी एकावर एक थर लावून भट्टीत भाजण्याची कृती आहे. ते पुस्तक घरोघर गेले. या बाई जेफरसनच्या सोयऱ्यांपैकी. त्यांचा भाऊ म्हणजे जेफरसनचा जावई. पडत्या काळात त्यांनी रिचमंड शहरात खानावळ चालवली, म्हणजे शहरात पैसे देऊन जेवणाऱ्यांची पारख त्यांना होती. पण व्हर्जिनियातल्या अशा घरांच्या चुलीपुढे राबणारे हात गुलामांचे होते. पुस्तकावर नाव लिहिणारीचे आले. रांधणारणीचे आले नाही.

तुम्ही म्हणाल, ही सात समुद्रापलीकडची गोष्ट आम्हाला कशाला? तर ऐका. १८६५ मध्ये त्या देशात गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७३ मध्ये आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते कोणाला अर्पण केले? अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली, त्यांना. जेम्सचे नाव जोतीरावांच्या कानी गेलेले नसणार. पण चूल एकाची आणि ताट दुसऱ्याचे, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नसती.

आता जाता जाता तिसऱ्या दारात डोकावू. हे उपाहारगृह नव्हे, दुकानातली फळी. १९३७ मध्ये क्राफ्ट कंपनीने कोरडी मॅकरोनी आणि चीजची पूड एका खोक्यात घालून विकायला काढली. एकोणीस सेंटांत चौघांचे जेवण. पुढे महायुद्धात मांस आणि दूधदुभते रेशनवर आले, तेव्हा एका रेशन कुपनावर दोन खोकी मिळत, आणि घरोघरी हेच शिजू लागले. अध्यक्षाच्या ताटातला पदार्थ गिरणीकामगाराच्या ताटात आला. ही लहान गोष्ट नव्हे. खोक्याला हाताची चव नसते हे खरे, पण रिकाम्या पोटाला खोक्याचे उपकार विसरता येत नाहीत.

आणि आता शेवटचे दार. न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागात हार्लेम नावाची वस्ती आहे. १९१० ते १९७० या साठ वर्षांत दक्षिणेकडच्या शेतमळ्यांतून सुमारे साठ लाख काळी माणसे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. दुष्काळात आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत जात, तशीच. फक्त दुष्काळाच्या जोडीला तिथे अपमानही होता. येताना त्यांनी काय आणले? अंगावरचे कपडे आणि जिभेवरची चव. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या चुलीवर मॅकरोनी भाजली, त्यांनी ती आता आपल्या चुलीवर भाजली. रविवारच्या जेवणात आणि सणावारी ती असतेच. घरात ती कोणी करायची हेही ठरलेले असते. नव्या सुनेच्या हाती पुरणाचे पातेले आपण पहिल्याच होळीला देतो का? तसेच ते.

या हार्लेममध्ये सिल्व्हिया वुड्स नावाची बाई एका लहानशा खानावळीत वाढपीण होती. दक्षिण कॅरोलायना प्रांतातल्या खेड्यातून आलेली. १९६२ मध्ये मालकाने खानावळ विकायला काढली. सिल्व्हियापाशी पैसे कुठले? तेव्हा गावाकडच्या तिच्या आईने आपले शेत गहाण टाकले आणि लेकीला रक्कम दिली. मंडळी, शेत गहाण टाकणे म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या शेताच्या पैशांवर उभी राहिलेली खानावळ लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर नावारूपाला आली. तळलेली कोंबडी, पालेभाजी आणि मॅकरोनी-चीज खायला तिथे शेजारपाजारचे कामकरी येत आणि मोठमोठे पुढारीही येत. सिल्व्हियाबाई २०१२ मध्ये वारल्या. पण त्या खानावळीचे नाव वाचा: ‘सिल्व्हियाज’. म्हणजे सिल्व्हियाची. दारावर, पाटीवर, मोठ्या अक्षरांत, स्वयंपाक करणारणीचे नाव!

तर श्रोतेहो, शोध संपला. सर्वांत चांगली मॅकरोनी-चीज कुठली? ऑटोमॅटची स्वस्त होती, अध्यक्षाची मानाची होती, खोक्यातली सोयीची होती. मला विचाराल तर जिथे आचाऱ्याचे नाव पाटीवर आहे, तिथली मी पहिली चाखीन. जेम्सला चार ओळी हव्या होत्या, त्याच्या नावे लिहिलेल्या. त्या हार्लेमच्या पाटीवर कोणीतरी लिहिल्या, असे मला वाटते.

गुरुजनहो, एक काम सुचवतो. उद्या वर्गात मुलांना सांगा, घरी जाऊन विचारून या: आपल्या घरची शेवयांची खीर, आपले पुरण, आपला ठेचा, ही कृती कोणी कोणाला शिकवली? आई म्हणेल, माझ्या सासूने. सासू म्हणेल, माझ्या मावशीने. मुलांना ती नावे वहीत लिहायला लावा, पूर्ण नावे, गावासकट. त्यांतल्या पुष्कळ नावांची नोंद सातबाऱ्यावर नसेल, शाळेच्या पटावर नसेल, कुठेच नसेल. निदान त्या वहीत तरी असू द्या.

आणि पुढच्या लग्नात पंगतीतून उठलात की मांडवामागे चुलाणापाशी जा. हात धुताधुता विचारा: बाबा, तुझे नाव काय?